डीएलएलचे रेफरन्स दुसऱ्या मशीनवर सापडत नाहीत, मदत हवी आहे

मंडळी, जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कच्या (४.७.२) सोल्यूशनमध्ये (एकत्र ठेवलेल्या प्रोजेक्टांच्या संचात) अडकलोय. १४ प्रोजेक्ट आहेत. बाहेरच्या लायब्रऱ्या काही न्यूगेटवरून (डॉटनेटचा पॅकेज मॅनेजर) घेतलेल्या, तर सहा डीएलएल (तयार कोडच्या फाइली) कोणीतरी कधीतरी 'लिब' फोल्डरात आणून टाकलेल्या. ज्याने टाकल्या तो केव्हाच टीम सोडून गेलाय.

काल नवीन आलेल्या मुलीने कोड घेऊन बिल्ड मारला तर एररचा पाऊस. प्रोजेक्ट फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर एका रेफरन्सच्या हिंटपाथमध्ये (डीएलएल कुठे शोधायची ते सांगणाऱ्या नोंदीत) चक्क कुणाच्या तरी डेस्कटॉपचा पत्ता! मग माझ्याकडे इतके दिवस कसं चालत होतं? बिन फोल्डरात (बिल्डचं आउटपुट पडतं तिथे) जुनी डीएलएल पडून होती, बिल्ड शेवटी तिथेही शोधतो. बिन रिकामं केलं आणि माझीही तीच गत.

दुसरं दुखणं न्यूटनसॉफ्ट जेसन या लायब्ररीचं. एका प्रोजेक्टात ९.०.१, दुसऱ्यात १२.०.३. बिल्ड होतो, पण चालवताना असेंब्ली (म्हणजे ती डीएलएल) लोड होत नाही. बाइंडिंग रिडायरेक्ट (जुन्या आवृत्तीऐवजी नवी लोड कर, असं सांगणारी कॉन्फिगमधली नोंद) हाताने लिहिला, त्यात १२.०.३ ही पॅकेजची आवृत्ती टाकून अर्धा दिवस घालवला. तिथे असेंब्लीची आवृत्ती लागते, म्हणजे १२.०.०.०. असो.

आता सगळं पॅकेज रेफरन्सवर (पॅकेजांची यादी प्रोजेक्ट फाइलमध्येच ठेवायची पद्धत) न्यावं म्हणतोय, पण वेब प्रोजेक्टवर राइट-क्लिक केल्यावर मायग्रेटचा पर्यायच दिसत नाही. आणि लिबमधल्या डीएलएलचं काय करायचं? रेपोत (कोडच्या सामायिक साठ्यात) तशाच ठेवू का?

प्रतिसाद १: एएसपी डॉटनेट प्रोजेक्टला तो पर्याय नसतोच, तुमचं काही चुकलेलं नाही. बाकीचे आधी उरका. मात्र जी पॅकेजं इन्स्टॉल होताना स्क्रिप्ट चालवतात, त्यांची ती स्क्रिप्ट पॅकेज रेफरन्समध्ये चालत नाही, तेवढं तपासा. सगळ्या आवृत्त्या एकाच प्रॉप्स फाइलमध्ये ठेवायची सोय त्यानंतर बघा, ती पॅकेज रेफरन्सशिवाय चालत नाही.

लिबमधल्या प्रत्येक डीएलएलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स टॅब बघा. मूळ पॅकेज सापडलं तर तेच घ्या. नसेल तर स्वतः पॅकेज बनवून शेअर्ड फोल्डरात ठेवा, न्यूगेटला साधं फोल्डरही फीड (पॅकेज घेण्याची जागा) म्हणून चालतं. तोवर निदान हिंटपाथ तरी रिलेटिव्ह (प्रोजेक्टच्या फोल्डरापासून मोजलेले) करून टाका, ते आजच होईल.

धागाकर्ता: धन्यवाद! डिटेल्स पाहिले. सहापैकी चार न्यूगेटवर मिळाल्या. पाचवीचं बघतोय. सहावीवर आवृत्ती १.०.०.० आणि नाव आमच्याच कंपनीचं. म्हणजे 'बाहेरची' म्हणून जिला जपत होतो ती घरचीच निघाली, दुसऱ्या सोल्यूशनमधली. तिचा सोर्स शोधायला बसलोय.