'ड्राय' म्हणजे कोरडी नव्हे: साध्या मेर्लोच्या चवीसाठी मराठी शब्द

एप्रिलमध्ये कोथरूडला एका स्नेह्यांच्या घरी जेवणाआधी मेर्लोची, म्हणजे त्याच नावाच्या काळ्या द्राक्षापासून केलेल्या रेड वाईनची, बाटली उघडली. हजार रुपयांच्या आतली, फिरकीच्या झाकणाची, कोणत्याही सोहळ्याची अपेक्षा न ठेवणारी. पहिल्या घोटानंतर यजमान म्हणाले, "ही अगदी ड्राय आहे." त्यांच्या मामेबहिणीने मान डोलावली आणि म्हणाल्या, "हो दादा, फार कोरडी आहे, जीभ ओढली जाते." दोघांचे एकमत झाल्यासारखे वाटले, परंतु यजमानांना वाईनमध्ये गोडवा नाही असे सांगायचे होते आणि ताई तिच्या तुरटपणाबद्दल बोलत होत्या. एका शब्दाच्या शब्दशः भाषांतराने दोन वेगळे गुण एकाच पिशवीत जाऊन पडले, म्हणून हे टिपण.

वाईनच्या संदर्भात 'ड्राय'चा अर्थ एवढाच, की द्राक्षातील जवळजवळ सगळी साखर यीस्टने आंबवताना संपवली आणि तिचे अल्कोहोल झाले. यात ओलेपणा-कोरडेपणाचा काही संबंध नाही. मराठीत 'कोरडा' हा शब्द आधीच पुष्कळ कामांत गुंतलेला आहे: कोरडी भाकरी, कोरडी सहानुभूती, शिवाय मद्यविक्री बंद असलेला, वर्तमानपत्रांनी रुळवलेला 'कोरडा दिवस'. 'बिनसाखरेची' म्हणावे तर चहाप्रमाणे कोणी साखर घालायची राहिली असे वाटते. 'फिकी' म्हटले की रंग किंवा जोर कमी असल्याचा भास होतो. मला 'अगोड' हा शब्द सर्वांत निर्दोष वाटतो. तो ऐकायला थोडा रुक्ष आहे खरा, पण जे म्हणायचे तेवढेच म्हणतो.

आता ताईंची ओढली गेलेली जीभ. तुरट ही जितकी चव, त्याहून अधिक स्पर्श आहे. द्राक्षाच्या सालीतील आणि बियांतील टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ गालाला, टाळूला घासू लागते. हिरड्याने किंवा बाभळीच्या सालीने कातडे कमावतात तेही याच द्रव्याच्या बळावर, त्यामुळे मूठभर जांभळे खाणारा माणूस आपल्या जिभेवर थोडेसे चर्मकामच करून घेत असतो. मंडईतून बिनबियांची द्राक्षे आणून खाणाऱ्या पिढीला द्राक्ष तुरट असते हेच नवल वाटते. बियांची काळी द्राक्षे खाताना ज्याने कधी बी चावली असेल, त्याला मात्र वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अमरकोशात 'तुवर' हा 'कषाय'चा पर्याय दिला आहे आणि आपला 'तुरट' त्याच घरातला. सहा रसांत कषायाला मानाचे स्थान असलेल्या परंपरेतून आलेल्या भाषेला या अनुभवासाठी शब्द उसना घेण्याची गरज पडावी, हे मला पटत नाही. गरज आहे ती छटा सांगण्याची, आणि त्या छटा आपण पदार्थांच्या नावाने सहज सांगतो. कच्च्या केळ्याचा तुरटपणा चिकट असतो, सुपारीचा खरखरीत, काजूच्या बोंडाचा घसा धरणारा, आवळ्याचा वर पाणी प्यायले की गोडाकडे झुकणारा. त्या संध्याकाळची मेर्लो पिकल्या जांभळाइतकी तुरट होती. थालीपीठावरच्या लोण्याबरोबर तोच घोट बराच गुळगुळीत लागला, ठेच्याबरोबर मात्र उगाच चरचरला. कोणी तिला 'कडवट' म्हणाले तेव्हा मी हरकत घेतली, कारण कडू चव वेगळी आणि तुरट वेगळी. (संस्कृतातला 'कटु' म्हणजे आपला तिखट आणि 'तिक्त' म्हणजे आपला कडू, हे ध्यानात न ठेवता जुन्या ग्रंथांचे आधार देऊ नयेत, ही जाता जाता विनंती.)

माफक किमतीच्या वाईनचे खरे दोष सांगायला मात्र मराठी फारच सढळ आहे. 'पाणचट' आणि 'मिळमिळीत' हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. तसे करू नये असे मला वाटते. पाणचट वाईनीत ऐवजच कमी असतो, ती तोंडात भरत नाही, रसाहून पाण्याची आठवण अधिक देते. मिळमिळीत वाईन दाट असूनही धार नसलेली असते, कारण तिच्यात आंबटपणा पुरेसा नसतो. लिंबू न पिळलेल्या पोह्यांसारखी तिची गत होते. पुरेशी न पिकलेली द्राक्षे वापरली असतील तर ढोबळी मिरची चिरताना येतो तसा वास येतो, त्याला 'हिरवट' म्हणावे. बुचाच्या बाटलीत क्वचित येणाऱ्या दोषाला तर 'कुबट' याहून अचूक शब्द सापडणार नाही. पावसाळ्यात बंद राहिलेले कपाट उघडल्यावर येणारा वास ज्या पुणेकराला ठाऊक आहे, त्याला तो दोष लगेच ओळखू येईल.

'उग्र' हा शब्द मात्र जपून वापरावा. आमच्या बाटलीला पहिल्यांदा हेच विशेषण मिळाले, आणि दोष वाईनचा नव्हताच. रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला थंड देशातील खोलीचा आहे. मेर्लोला साधारण 15 ते 18 अंश मानवतात आणि एप्रिलमधील पुण्याची खोली त्याच्या कितीतरी वर असते, त्यामुळे अल्कोहोलच आधी नाकात जाते. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्यावर तीच वाईन निमूट झाली आणि आलुबुखाराचा वास वर आला.

घोट गिळल्यानंतर मागे राहणाऱ्या चवीसाठी आयुर्वेदातला 'अनुरस' घ्यावा असे मी सुचवतो. मधाचा रस मधुर आणि अनुरस कषाय, असे तेथे म्हटलेले आहे. आमच्या मेर्लोचा अनुरस आखूड होता, आणि या किमतीत त्याबद्दल तक्रार करणे मला रास्त वाटत नाही. ती मुरवण्यासाठी केलेलीच नसते. कपाटात ठेवून लोणच्यासारखी मुरेल ही आशा व्यर्थ आहे.

राहिला 'सॉफ्ट'. मेर्लो द्राक्षाची साल काबर्ने सोव्हिन्यों या रेड वाईनच्या दुसऱ्या द्राक्षाच्या सालीहून पातळ, तिच्यात टॅनिन तुलनेने कमी, म्हणून तिला हे विशेषण जगभर लावतात. (मेर्लोतला शेवटचा 'ट' उच्चारत नाहीत, फ्रेंचमध्ये 'मेर्ल' म्हणजे काळा कस्तूर पक्षी, आणि द्राक्षाच्या काळ्यानिळ्या रंगावरून हे नाव पडले असे मानतात.) 'मऊ' म्हटले की उशी आठवते, 'सौम्य' म्हटले की औषध. तेव्हा यजमानांचे वडील, जे तोवर ताकाचा पेला घेऊन शांत बसले होते, म्हणाले, "अहो, पुण्यात बसून शब्द काय शोधता? काबर्ने जहाल आणि ही मवाळ." त्यानंतर त्या टेबलावर 'सॉफ्ट' कोणी म्हटले नाही.