मदत हवी आहे: मी पंथातून बाहेर पडलो, घरचे आतच आहेत

नमस्कार मंडळी. इथला जुना वाचक आहे, लिहायला आयडी नवा काढलाय, कारण आमच्यातले दोघे-तिघे इथं असतात.

गाव परभणी जिल्ह्यात, मानवतच्या बाजूला. नोकरी वाळूजला. पंथाचं नाव देत नाही, कृपया विचारू नका. मी दहावीत होतो तेव्हा वडिलांनी अनुग्रह घेतला. त्यांची दारू सुटली. हे खरं आहे आणि हेच आधी सांगतो, नसता इथले काहीजण ‘अडाणी लोक’ म्हणून मोकळे होतील. ज्या घरात रोज संध्याकाळी भांडी आदळायची ते घर शांत झालं. माय म्हणाली, आता महाराज म्हणतील तसं. आणि मग तसंच होत गेलं.

आधी नुसता गुरुवारचा सत्संग होता. मग पंथाबाहेरच्यांच्या हातचं खाणं बंद. मग तेरवी नाही, जागरण-गोंधळ नाही, गावातल्या सप्त्याच्या पंगतीला बसायचं नाही. म्हणजे भावकी तुटली. शेवटी देवघरावर आलं. आजीचे चांदीचे टाक होते, खंडोबाचा, भवानीचा आणि पूर्वजांचा. बोटाएवढे, चिंच लावून लावून नाकडोळे झिजलेले. ते धान्याच्या पिशवीत घालून गोदावरीत सोडायला लावले. आजी काही बोलली नाही, पण त्यानंतर ती देवघराकडं पाठ करूनच बसायची.

दर महिन्याला एक वही द्यावी लागायची. तिच्यात मनात आलेले ‘विकल्प’ लिहायचे. महाराजांच्या गादीबद्दल शंका आली, कुणाबद्दल वाईट वाटलं, शरीराचे विचार आले, सगळं. वही तालुक्याच्या प्रमुखांकडं जमा. माझ्या कॉलेजातलं जे काही होतं ते सगळं तिच्यात आहे.

का सोडलं? मोठं काही घडलं नाही. एका नव्या पोराची वही प्रमुखांनी चहा पिता पिता चौघांना वाचून दाखवली आणि चौघं हसले. दुसऱ्या गुरुवारपासून मी गेलो नाही.

त्यानंतर 2025 च्या सप्टेंबरचा पाऊस झाला. आमचं सोयाबीन पाण्यात गेलं. निरोप आला की घरात गुरुद्रोही आहे, म्हणून. आता धाराशिवपासून नांदेडपर्यंत पाणी होतं, पंथातल्यांची पिकंही गेली, माझ्या एकट्याच्या द्रोहात एवढी ताकद असेल तर गादीवर मलाच बसवायला पाहिजे. हे मला कळतं. तरी रात्री वाटतं, खरंच माझ्यामुळं तर नसेल? गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमारास छातीत धडधड सुरू होते, मी कंपनीत मशीनवर असलो तरी.

अडचणी अशा. वडील एक एकर गादीच्या नावानं करून द्यायचं म्हणतात, जमीन आजोबांपासूनची आहे. धाकट्या बहिणीची सोयरीक पंथातच ठरली आहे आणि मी परत आलो नाही तर मोडू म्हणतात. मायला शुगर आहे, इन्सुलिन चालू होतं, आता अंगाऱ्यावर भरवसा. फोनवर प्रमुख एकदा म्हणाले, ‘तुझी वही आहे आमच्याकडं, ध्यानात ठेव.’

आणि एक, ज्याला अडचण म्हणावं की नाही कळत नाही. देव आहे की नाही हे मला आता सांगता येत नाही. पहिल्यांदा कशाला हात घालू?

तालुका_कोर्ट

जमिनीचं आधी घ्या, बाकीचं थांबू शकतं. वडिलोपार्जित एकत्र जमीन असेल तर वडिलांना ती एकट्याच्या मर्जीनं बक्षीस देता येत नाही. अपवाद एकच: कुटुंबाचा कर्ता धर्मकार्यासाठी थोडा, वाजवी हिस्सा देऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये हेच पुन्हा सांगितलं, निव्वळ प्रेमापोटी दिलेलं बक्षीस टिकत नाही, धर्मकार्य असेल तरच. त्यामुळं गादीवाले नेमकं ‘धर्मकार्य’ हाच शब्द कागदात घालतील. एकूण जमीन किती यावर एक एकर वाजवी की नाही ते ठरेल. पाच एकरांतला एक म्हणजे थोडा नव्हे. बहिणीचाही हिस्सा आहे, 2005 च्या दुरुस्तीपासून मुलगी जन्मानंच वारस हिस्सेदार आहे. तिला हे ठाऊक आहे का?

बक्षीसपत्र नोंदणीकृत लागतं, दोन साक्षीदार लागतात. बाँडवर लिहून दिलेल्या कागदानं जमीन जात नाही. शिवाय मराठवाड्यात शेतजमिनीला हैदराबाद कुळवहिवाट कायदा, 1950 चा, लागतो. शेतकरी नसलेल्याच्या नावे जमीन करायची तर वर परवानगीचा विषय येतो. सातबारा आत्ताच काढून ठेवा आणि तलाठ्याला भेटून ठेवा. फेरफाराची नोटीस निघाली की लेखी हरकत द्यायची, तोंडी नाही. गादी ट्रस्ट आहे म्हणत असतील तर परभणीच्या धर्मादाय कार्यालयात नोंदणी आहे का ते बघा. बऱ्याचदा नसतेच.

वहीचं: बदनामीची भीती घालून काही करून घेणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, कलम 351. पुढचा फोन आला तर रेकॉर्ड करा. भांडू नका, त्यालाच बोलू द्या.

बिंदुसरा

सामाजिक बहिष्कार कायद्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. महाराष्ट्राचा 2016 चा कायदा, 3 जुलै 2017 पासून लागू. लोकांना वाटतं तो फक्त जातपंचायतीसाठी आहे. तसं नाही, एकाच धर्मपंथाचे लोकही त्यात ‘समाज’ धरले आहेत. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एखाद्याशी संबंध ठेवू नका म्हणून लग्न मोडायला लावणं त्यात बसू शकतं.

मोंढा_नाका

ताई, कायदा बरोबर आहे, पण केस केली की त्या पोरीचं लग्न लागणार आहे का? तिकडं भाऊ पोलीस स्टेशनात आणि इकडं हळद, असं होत नसतं.

बिंदुसरा

केस करा असं कुठं म्हटलं मी? कायदा आहे हे समोरच्याला कळलं की अर्ध्या धमक्या बंद होतात. आणि लग्न लागावंच हे आपण कशाला ठरवायचं. सोयरीक अशी दोरीवर टांगून ठेवणाऱ्या घरात पोरगी सुखानं नांदेल? तिला विचारलंय का कुणी?

उपकेंद्र

मी नर्स आहे, जालन्याकडं. जमीन, लग्न याच्याआधी मायचं इन्सुलिन. ज्याला चालू आहे त्यानं एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. खूप तहान, सारखी लघवी, उलट्या, पोटात दुखणं, श्वास जोरात, ग्लानी, यातलं काही दिसलं तर वाट न बघता दवाखाना. पाय बघा, तळव्याला, बोटांच्या बेचक्यात जखम आहे का. शुगरवाल्याला बऱ्याचदा जखम दुखत नाही, म्हणून कळत नाही.

‘अंगारा फेका’ म्हणू नका, माझा अनुभव वाईट आहे. अंगारा लावा, इन्सुलिनही घ्या, एवढंच म्हणा. ग्रामीण रुग्णालयात शुगरच्या गोळ्या-औषधं सरकारी मिळतात, गावातल्या आशाताईला घरी पाठवा. बाईमाणूस बाईशी बोलतं. कुणी जादूटोणा कायदा सुचवेल म्हणून सांगते, त्यात उपचार अडवण्याचं जे कलम आहे ते कुत्रा, साप, विंचू चावण्याबद्दल आहे. शुगरला ते थेट लागत नाही.

विवेकी_माणूस

ते कलम नसलं तरी 2013 च्या त्या कायद्यात दहशत बसवण्याबद्दलही आहे, बघून घ्या. प्रत्येक पोलीस ठाण्याचा निरीक्षक त्याचा दक्षता अधिकारी असतो. अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते जिल्ह्यात असतात, ते सोबत येतात.

पण मूळ मुद्द्याचं बोलू. तुम्ही अजून ‘देव आहे की नाही’ यात अडकलात. पुरावा नाही, विषय संपला. हे स्वीकारलं की गुरुवारची धडधडही जाईल.

नरसीचा_वारकरी

नाही जात हो साहेब. धडधड काय पुरावा मागून सुरू झाली होती का?

भावा, मी माळकरी आहे, तरी तुला माळ घाल म्हणणार नाही. सध्या कुणाचंच काही घालू नको. पंथ सोडलेला माणूस म्हणजे सगळ्यांना मोकळं रान दिसतं, विवेकवाल्यांनाही आणि आमच्यावाल्यांनाही. तुझ्या जिल्ह्यातच गंगाखेड आहे, जनाबाईचं गाव. दळता-कांडता विठ्ठलाशी भांडायची, त्याला शिव्या घालायची, आणि ते अभंग आम्ही सातशे वर्षं गातोय. तिला कुणी विकल्पाची वही मागितली नाही. शंका आली म्हणून देव रुसतो, हे त्या प्रमुखाचं गणित आहे, आपल्याकडचं जुनं गणित नाही. तुला शेवटी देव नाही असं वाटलं तरी माझं काही म्हणणं नाही. फक्त ते तुझं तू ठरव, सावकाश.

टाकांचं वाचून वाईट वाटलं. टाक पुन्हा घडवता येतात, सोनार करून देतो. आजी आहेत का अजून?

पूर्णा_पॅसेंजर

मी अशाच एका ठिकाणाहून निघाले आहे, वेगळा पंथ, वेगळा जिल्हा. धडधडीबद्दल सांगते. माझी एकादशीला व्हायची. वर्षानुवर्षं एका वेळेला शरीराला सवय लावली की ते घड्याळ बंद पडायला वेळ लागतो, त्याचा पापाशी संबंध नाही. मला कामी आलं ते हे की त्या वेळेला मुद्दाम बाहेर असायचं, माणसांत. तुमची सात वाजता पाळी नसेल तर बजाजनगरच्या बाजारात भाजी घ्यायला जा, भाव करा. ऐकायला बावळट वाटेल. झोप उडाली असेल, जगू नये असं वाटत असेल तर 14416 लावा, टेलि-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी लावला होता. समोरच्या बाईनं मला देवाबद्दल एक शब्द विचारला नाही, जेवण-झोप विचारली.

दुसरं, घरच्यांशी पंथावर वाद घालू नका. महाराजांबद्दल वाकडा शब्द ऐकला की ते दार लावून घेतात, तसं शिकवलेलंच असतं. तुमचा फोन आला की पिकाचा, बियाण्याचा, शेजारच्या लेकराचाच विषय निघाला पाहिजे. त्यांना कधी बाहेर यावंसं वाटलं तर ज्याच्याशी भांडण झालेलं नाही असं एक माणूस बाहेर लागतं.

आणि वडिलांच्या दारूचं. त्यांना आत धरून ठेवणारी खरी गोष्ट तीच असणार. ‘गादी सोडली तर पुन्हा प्यायला लागेन’ ही भीती. त्यांना म्हणून बघा की दादा, दारू तुम्ही सोडली, त्रास तुम्ही काढला. जमलं तर.

(धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. विवेकी_माणूस, राग नाही, तुमच्यासारखं एका ओळीत संपलं असतं तर मलाही आवडलं असतं.

काल गावाकडं जाऊन आलो. आजी दोन वर्षांपूर्वी गेली, टाक पुन्हा घडवता येतात हे तिला सांगायचं राहूनच गेलं. सातबारा काढला, पावणेसहा एकर आहे, तालुका_कोर्ट यांचं गणित वडिलांसमोर मांडलं नाही, बहिणीसमोर मांडलं. ती चाट पडली. ‘माझं पण नाव लागतंय?’ म्हणाली. सोयरिकीबद्दल विचारलं तर बराच वेळ भाकरी थापत राहिली, मग म्हणे, ‘दादा, मला आत्ता कुणी विचारायलंय का? तूच पहिला.’ तिला बी.एड. करायचंय. हे मला माहीतच नव्हतं.

आशाताई आमच्या मामीच्या नात्यातली निघाली. मायची शुगर तिनं घरीच तपासली, साडेतीनशेच्या वर. माय इन्सुलिन घ्यायला तयार झाली, पण बाटली देवघरात फोटोपुढं ठेवून, मग घेणार. वडील बाजूलाच होते, काही बोलले नाहीत. मीही नाही बोललो.

वडिलांना दारूचं वाक्य म्हणायचं धाडस झालं नाही. प्रमुखांचा फोन अजून आलेला नाही. रेकॉर्डिंग चालू करून ठेवलंय.

आता एकच विचारायचंय. बहिणीचं बी.एड. म्हणजे सीईटी, त्याला तिला परभणीत किंवा माझ्याकडं संभाजीनगरला ठेवावं लागेल. सोयरीक मोडली असं न म्हणता लग्न वर्ष-दोन वर्षं पुढं ढकलायचं असेल तर समोरच्या घराला काय सांगतात? तिकडचं घर वाईट नाही, पोरगाही बरा आहे, तोही बिचारा वही लिहितोच.

मोंढा_नाका

शिक्षणाचंच सांगा, दुसरं काही नको. बी.एड. दोन वर्षांचं आहे, ‘पोरगी शिकली तर तुमच्याच घराला पगार येईल’ असं म्हटलं की सासरा गप बसतो. बोलणी करायला वडिलांना नका पाठवू, मामाला पाठवा. मामा पंथात आहे का?

(धागाकर्ता)

नाही. मामा सेलूला असतात, त्यांच्याकडं आमचं जाणं-येणं बंद होतं. उद्या फोन लावतो.