मदत हवी आहे: आयरिसचे गड्डे सडताहेत, वाचवायचे कसे?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. माँटक्लेअरची प्रेस्बी आयरिस बाग १९२७ सालची. तिथे मे महिन्यात दाढीवाली (पाकळ्यांवर केसाळ पट्टा असणारी) आयरिस फुललेली पाहिली आणि घरी लावल्याशिवाय राहवेना. चार वर्षांपूर्वी शेजारच्या आजींनी सहा गड्डे दिले, दिसायला थेट आल्यासारखे. यंदा फुलं जेमतेम तीन आली.

जूनमध्ये पानांवर पाणी धरल्यासारख्या ओलसर रेघा दिसल्या होत्या. काल एक पान जरा ओढलं, तर बुंध्यापासून सुटून हातातच आलं. गड्डा उकरला. आत नुसता लगदा, नाक धरावं असा वास, आणि पोकळीत तपकिरी डोक्याची जाडजूड गुलाबीसर अळी. ही आयरिस बोररच ना? तिने पाडलेल्या भोकांतून जिवाणू शिरले की मऊ कूज होते, असं वाचलंय.

माझंही चुकलंच. हळद-आलं लावायच्या सवयीने गड्डे चार बोटं खोल पुरले, वर पालापाचोळाही पसरला. यांची पाठ उन्हाला उघडी ठेवायची असते, हे आता कळतंय.

जुलै संपत आलाय, म्हणजे गड्डे फोडून वेगळे करायची हीच वेळ. सडका भाग कापल्यावर चांगले तुकडे किती दिवस सुकवू? त्याच वाफ्यात लावू की जागा बदलू? बोररची अंडी जुन्या पानांवर हिवाळा काढतात म्हणे; थंडीत ती पानं काढून टाकल्याने कुणाला फरक पडलाय का?

आजी आता नाहीत. त्यांचा निदान एक तरी गड्डा जगायला हवा.