टूटीफ्रूटीच्या बिस्किटांवरचा साखरेचा लेप सुकत नाही

प्रश्न : टूटीफ्रूटीची बिस्किटे मी घरीच ओव्हनमध्ये भाजते. ती खुसखुशीत होतात. परंतु वरचा साखरेचा लेप ओलाच राहतो आणि डब्यात ती एकमेकांना चिकटतात. काय करावे?

उत्तर : बिस्किटे जाळीवर पूर्ण गार झाल्याशिवाय लेप देऊ नये, कारण उष्णतेने तो पातळ होऊन ओघळतो. १०० ग्रॅम आयसिंग शुगरला लिंबाचा रस २ ते ३ लहान चमचे पुरतो. चमच्यावरून जाड धार सावकाश पडली पाहिजे.

दुसरे उत्तर : टूटीफ्रूटी म्हणजे पाकात मुरवलेली कच्ची पपई, ती फार चिकट असल्यास धुऊन, पुसून, मैद्यात घोळवावी.

तिसरे उत्तर : पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, लेपाचा हट्ट धरूच नये, असे माझे मत आहे. त्याऐवजी भाजण्यापूर्वी दूध लावून वर जाड साखर पेरावी.