मद्य न वापरता नाताळाचा केक: सांगलीचा बेदाणा कसा आणि कधी मुरवावा?

प्रश्न: विश्रामबागची गृहिणी, सांगली

नमस्कार. आमच्या घरी नाताळाचा फराळ म्हणजे करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि रव्याचे लाडू असा ठरलेलाच असतो, आणि त्यात आम्हा सगळ्यांचा हात बसलेला आहे. यंदा मात्र सासूबाईंच्या मनात आहे की सुक्या फळांचा केकही विकत न आणता घरीच व्हावा आणि त्यातला एक मुंबईला नणंदेकडे पाठवावा. घरात मद्य येत नाही आणि केकपुरतेही आणायचे नाही, हे ठरलेले आहे.

माझी अडचण अशी की, बहुतेक पाककृतींमध्ये बेदाणे महिनाभर रममध्ये भिजत घाला असे सांगितलेले असते. रमऐवजी संत्र्याचा रस घेतला तर तेवढेच दिवस भिजवावेत की कमी, याचा नीट खुलासा कुठे मिळत नाही. शिवाय बेदाण्याच्या बाजारपेठेत राहत असूनही हिरवा, पिवळा आणि काळा यांपैकी केकसाठी कोणता घ्यावा हे मला उमगत नाही. घरात लहान ओव्हन आहे, पण केक वरून करपून आत ओला राहील अशी धास्ती वाटते. ज्यांच्या घरी हा केक नेहमी होतो त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: कऱ्हाडची वाचक

ताई, आपण बेदाणे आत्ताच संत्र्याच्या रसात आणि साखरेत घालून बरणी फडताळात ठेवून द्या. रोज एकदा हलवत राहिलात की नाताळापर्यंत ते छान मुरतील. साखर भरपूर असली म्हणजे काही बिघडत नाही. मुरंबा नाही का वर्षभर टिकत?

उत्तर: मिरजेच्या काकू

कऱ्हाडच्या ताईंचा सल्ला आपुलकीचा आहे, तरीही तो कृपया पाळू नये. मुरंबा टिकतो तो फोडी पाकात शिजवलेल्या असतात आणि पाक दाट असतो म्हणून. कच्चा रस बेदाण्यांसह बाहेर ठेवला तर आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात तो दोन-तीन दिवसांत फसफसू लागतो, बरणीचे झाकण फुगते आणि आंबूस वास येतो. रममध्ये फळे महिनाभर राहतात, कारण तिथे मद्य हेच टिकवण्याचे काम करते. रसात ते काम करणारे काहीच नसते. रसात भिजवायचेच असतील तर काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत, शीतकपाटात आणि दोन दिवसांहून अधिक नाही.

माझे मत विचाराल, तर मद्याविना केक करताना फळे भिजवण्याऐवजी शिजवावीत. आमच्या मिरजेकडच्या वानलेसवाडी आणि मिशन हॉस्पिटलच्या बाजूच्या कितीतरी घरांमध्ये याच रीतीने केक होतो, आणि तो रममधल्या केकची नक्कल वाटत नाही, त्याची स्वतःची चव असते. आठ इंची गोल आणि खोल डब्यासाठी मी असे प्रमाण घेते: बेदाणे अर्धा किलो, संत्र्याची पाकवलेली साल आणि आले मिळून 100 ग्रॅम, लोणी 200 ग्रॅम, चिरलेला गूळ 200 ग्रॅम, ताज्या संत्र्याचा गाळलेला रस 200 मिलिलिटर, मैदा 250 ग्रॅम, अंडी तीन, काजू आणि अक्रोड मिळून मूठभर. मसाल्यात दालचिनी, जायफळ, थोडी सुंठ आणि दोनच लवंगा. लवंग जास्त झाली की बाकी सगळी चव झाकून टाकते. लोण्याऐवजी तूप घेणार असाल तर ते 160 ग्रॅम पुरे, कारण लोण्यात पाण्याचा अंश असतो आणि तुपात तो नसतो.

आधी रस कोमट करून त्यात गूळ विरघळवा आणि गाळून घ्या, कारण गुळातली बारीक कचकच केकमध्ये दाताखाली आली की सगळ्या श्रमावर पाणी पडते. हा गाळलेला रस, लोणी, बेदाणे, साल, आले आणि मसाले जाड बुडाच्या पातेल्यात एकत्र करून मंद आचेवर ठेवा आणि उकळी आल्यावर दहाएक मिनिटे हलवत राहा. सुरुवातीला बेदाणे सुरकुतलेले आणि तळाशी बसलेले दिसतात; हळूहळू एकेक टम्म फुगतो, त्याची साल ताणून चकचकीत होते, आणि डाव फिरवला की पातळ रसाऐवजी दाटसर, तांबूस पाक त्यांच्याभोवती चिकटून येतो. इथे गॅस बंद करावा. पातेले झाकून रात्रभर तसेच गार होऊ द्यावे, कारण उरलेला रस फळे या वेळातच पिऊन घेतात. मुरणे म्हणतात ते एवढेच, आणि त्यासाठी महिना लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मिश्रण पूर्ण गार असल्याची खात्री करूनच फेटलेली अंडी घाला. गरम मिश्रणात ती शिजून गुठळ्या होतात. मग मैदा, एक चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा एकत्र चाळून हलक्या हाताने मिसळा. गूळ आणि संत्र्याचा रस दोन्ही किंचित आंबट असल्यामुळे सोडा त्यांच्याबरोबर नीट काम करतो. हे पीठ नेहमीच्या केकपेक्षा दाट असते आणि फळे तळाशी न बसण्याचे खरे कारण तेच आहे. बेदाण्यांना वरून मैदा चोळण्याची येथे गरज पडत नाही.

उत्तर: तासगावचा द्राक्षबागायतदार

बेदाण्याविषयी मी लिहितो, कारण तो आमच्या घरचाच विषय आहे. सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आपल्या भागात तो मुख्यतः बिनबियांच्या द्राक्षांपासून तयार होतो. घड उतरवले की ते पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढतात, त्यामुळे सालीवरचा मेणासारखा थर सुटतो आणि पाणी लवकर निघून जाते. मग शेडमधल्या जाळ्यांवर माल सावलीत सुकतो. हिरवा किंवा सोनेरी रंग टिकावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात. काळा बेदाणा काळ्या द्राक्षांचा असतो.

केकसाठी माझी शिफारस अशी की, तीन भाग पिवळा किंवा हिरवा आणि एक भाग काळा घ्यावा. हिरव्यात थोडा आंबटपणा असतो आणि तो गुळाच्या गोडीला आवर घालतो; काळ्याची चव अधिक गडद असते, परंतु सगळाच काळा घेतला तर केक जड लागतो. सर्वांत महाग, लांबट आणि एकसारखा हिरवा माल केकमध्ये घालण्याची गरज नाही, तो पाहुण्यांपुढे वाटीत ठेवावा. केकला मध्यम आकाराचा, दाबल्यावर मऊ लागणारा माल उत्तम. आपल्याकडे बेदाणा उन्हाळ्याच्या तोंडाशी तयार होतो, म्हणजे डिसेंबरात दुकानात दिसणारा माल बहुधा शीतगृहातून आलेला असतो. त्यात बिघाड काही नाही, पण साखर वर येऊन पांढरट झालेला किंवा एकमेकांना चिकटून गोळा झालेला असेल तर घेऊ नये.

घरी आणल्यावर देठ निवडा, कोमट पाण्यात दोनदा भरभर धुवा आणि सुती कापडावर पसरून कोरडे करा. यामुळे डिपिंग ऑइलचा अंश आणि गंधकाचा वास बराच कमी होतो. घरात कोणाला दमा असेल तर मात्र गंधकाची धुरी न दिलेला तपकिरी बेदाणा मागून घ्यावा. तो दिसायला साधा असतो, पण केकच्या आत रंग कोण पाहतो?

उत्तर: बेकरी व्यावसायिक, मिरज

ओव्हनची धास्ती बाळगू नका. या केकला हवी असते ती मंद आणि लांब आच. डब्याला आतून लोणी लावलेल्या कागदाचे दोन थर द्या आणि बाहेरून चार पदरी वर्तमानपत्र गुंडाळून सुतळीने बांधा, म्हणजे कडा आधी वाळत नाहीत. वर्तमानपत्र मात्र ओव्हनच्या तापलेल्या कांबींना कुठेही टेकता कामा नये. ओव्हन फारच लहान असेल तर ते टाळून डबा एका मोठ्या थाळीत ठेवावा. ओव्हन 150 अंशांवर चांगला तापू द्या, डबा मधल्या कप्प्यात ठेवा आणि शक्य असेल तर खालचीच कांब चालू ठेवा. सव्वा तासानंतर वरचा भाग तांबूस दिसू लागला की त्यावर कागदाची सैल टोपी घाला. वेळ साधारण दोन तास धरा, परंतु घड्याळापेक्षा केकवर विश्वास ठेवा. विणकामाची सुई मधोमध खुपसून कोरडी बाहेर यायला हवी, आणि डबा बाहेर काढून कान जवळ नेलात तर कच्च्या केकमधून बारीक सूं-सूं असा आवाज येतो. तो जवळजवळ थांबला की केक झाला असे समजावे.

आपल्याकडे अजूनही काही बेकऱ्यांत लाकडाची भट्टी आहे आणि दिवाळीत किंवा सुट्टीत लोक घरचे साहित्य देऊन नानकटाई भाजून नेतात, तशीच नाताळाच्या आधी केकचे डबेही घेऊन येतात. पावाचा घाणा निघाल्यावर भट्टीच्या विटा तापलेल्या असतात, पण आच उतरत जाते, आणि ही उतरती आच फळांच्या केकला फार मानवते, कारण तिच्यात केक सगळीकडून सारखा शिजतो. आपल्या ओळखीच्या बेकरीत आधी विचारून ठेवा. डब्यावर नाव लिहिलेली पट्टी तारेने बांधून द्या, कारण त्या आठवड्यात वीस-पंचवीस डबे एकत्र असतात आणि सगळे वरून सारखेच दिसतात.

उत्तर: साताऱ्याची शिक्षिका

बाजारातली रंगीत टूटीफ्रूटी ही बहुतेक वेळा कच्च्या पपईची असते आणि तिला स्वतःची चव नसते, त्यामुळे काकूंनी सांगितलेली साल आणि आले घरीच करावे असे मला मनापासून वाटते. डिसेंबरात नागपुरी संत्री भरपूर येतात आणि त्यांची साल सैल असल्याने हाताने सहज सुटते. आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून टाकावा, सालीच्या पट्ट्या पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यावे आणि हे निदान तीनदा करावे, नाहीतर कडवटपणा केकभर पसरतो. नंतर सालीच्या वजनाइतकी साखर आणि थोडे पाणी घालून पट्ट्या पारदर्शक होईपर्यंत शिजवाव्यात आणि ताटात सुकवाव्यात. आमच्या साताऱ्याच्या आल्याचे तेच, फक्त कोवळे आणि कमी रेषांचे आले निवडावे आणि आधी मऊ शिजवून मग साखरेत टाकावे. हे काम नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यातच उरकले तर पुढची घाई टळते, कारण दोन्ही वस्तू कोरड्या बरणीत सहज टिकतात.

एक सूचना महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीविषयी. ती याच दिवसांत बाजारात येते आणि केकमध्ये घालण्याचा मोह होतो, पण तिच्यात पाणी फार असते आणि त्यामुळे केक लवकर बुरसतो. ती केकच्या तुकड्याबरोबर ताजीच द्यावी.

प्रश्नकर्तीचे उत्तर: विश्रामबागची गृहिणी, सांगली

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. बेदाणे शिजवायचे हे नक्की झाले. काकू, आणखी दोन गोष्टी विचारते. मुंबईला पाठवायचा केक कोणत्या तारखेला करावा? आणि शेजारच्या घरी अंडे चालत नाही, त्यांच्यासाठी याच रीतीने केक होईल का?

उत्तर: मिरजेच्या काकू

मद्य नसलेला केक हवाबंद डब्यात बाहेर आठवडाभर चांगला राहतो, आणि त्यापुढे शीतकपाटात ठेवावा. म्हणून 16 किंवा 17 डिसेंबरला भाजा, डब्यातच पूर्ण गार होऊ द्या आणि एक दिवस तसाच ठेवून मग गुंडाळा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याची चव भाजल्या दिवसापेक्षा पुष्कळ चांगली लागते. तळण्याचा फराळ त्यानंतर घ्या, म्हणजे ओव्हन आणि कढई एकाच दिवशी अंगावर येणार नाहीत. मुंबईचा केक 20 तारखेच्या सुमारास निघू द्या. तो लोणी-कागदात आणि त्यावर स्वच्छ सुती कापडात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात घट्ट बसवा. मोकळी जागा राहिली तर तिथे कागद कोंबा, नाहीतर प्रवासात कडा चुरतात. कोणी जाणारे-येणारे असेल तर त्यांच्या हाती देणे सर्वांत बरे.

शेजारच्यांसाठी तीन अंड्यांऐवजी 200 ग्रॅम घट्ट, ताजे दही घ्या, सोडा पाऊण चमचा करा आणि बाकी कृती तशीच ठेवा. हा केक फुगायला थोडा कमी असतो आणि कापताना अंमळ भुगा पडतो, त्यामुळे एका खोल डब्याऐवजी दोन उथळ डब्यांत भाजा आणि सव्वा तासापासून सुई घालून पाहायला लागा. दह्यामुळे तो कमी टिकतो, म्हणून 23 तारखेला करून 24 ला त्यांच्याकडे पोहोचवा. त्यांना अंडे चालत नसल्याने डबे, चमचे आणि चाळण स्वच्छ घासूनच हा केक करावा आणि तसे त्यांना सांगावेही.