इग्वाना फांदीवर चढेनासा झाला आहे : उजेड, ऊब आणि आहार याबद्दल मार्गदर्शन हवे

हिरवी फांदी

नमस्कार. माझ्या मैत्रिणीला नोकरीनिमित्त दूर जावे लागल्यामुळे तिने पाळलेला हिरवा इग्वाना, म्हणजे झाडावर राहणारा मोठा सरडा, काही महिन्यांपासून माझ्याकडे आहे. त्याचे वय साधारण दीड वर्ष असावे. तिने सोबत दिलेल्या काचेच्या पेटीत तो राहतो. पेटी खिडकीजवळ आहे, सकाळभर तिच्यावर तावदानातून ऊन येते आणि वर एक साधा पिवळा बल्ब लावलेला आहे. तिने लिहून दिलेला आहारच मी पुढे चालू ठेवला आहे : काकडी, लेट्यूस, अधूनमधून केळे आणि आठवड्यातून एकदा उकडलेले अंडे.

सुरुवातीला तो दिवसभर वरच्या फांदीवर अंग टाकून पडलेला असे. आता तो तळाशीच बसून राहतो. चढू लागतो, पण अर्ध्यावरून परत फिरतो. हातावर घेतल्यावर मागच्या पायांची बोटे बारीक थरथरताना दिसतात. खालचा जबडा आणि मांड्या भरल्यासारख्या दिसतात, त्यामुळे घरातील इतरांना तो चांगला पोसला जात आहे असे वाटते. मला मात्र त्याचे हे बसून राहणे स्वाभाविक वाटत नाही.

खिडकीतले ऊन त्याला पुरते का, आणि आहारात काय बदलावे, हे कृपया कोणी सांगावे. शिवाय तो मधूनच जोरात शिंकतो आणि काचेवर मिठासारखे पांढरे ठिपके उमटतात, ही सर्दी तर नव्हे? डोक्यावरून बोट फिरवले की तो डोळे मिटून घेतो, म्हणजे त्याला ते आवडते असे समजावे का?

कोवळे ऊन

बाकीच्या प्रश्नांकडे नंतर वळू. सर्वप्रथम त्याला सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करण्याचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडे न्या आणि हे काम उद्यावर टाकू नका. बोटांची थरथर, चढण्याची ताकद जाणे, आणि जबडा व मांड्या फुगीर दिसणे ही लक्षणे एकत्र आली की पहिला संशय हाडांच्या आजाराचाच येतो. त्याला मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात. पाळणाऱ्यांच्या बोलण्यात तो एमबीडी असतो. पाळीव इग्वानांमध्ये हा आजार फार आढळतो आणि तो जवळजवळ नेहमी आपण दिलेल्या उजेडातून, उबेतून आणि आहारातून येतो.

तो कसा होतो हे समजून घेतले तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. इग्वानाच्या त्वचेवर उन्हातील यूव्हीबी (अतिनील) किरण पडले की तेथे ड३ जीवनसत्त्वाचे पूर्वरूप तयार होते, आणि अंगाला पुरेशी ऊब असेल तर त्याचे ड३ मध्ये रूपांतर होते. हे ड३ असेल तरच आतडे अन्नातील कॅल्शियम नीट शोषून घेते. ते मिळाले नाही तर रक्तातील कॅल्शियमची पातळी राखण्यासाठी शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढू लागते, हाडे पोकळ आणि लवचिक होतात, आणि त्यांना सावरण्यासाठी भोवती तंतुमय ऊतक साठते. घरातल्यांना जी मांडी भरलेली दिसते आहे ती बहुधा हीच. हाडांतला साठा संपत आला की रक्तातील कॅल्शियमही उतरते आणि मग स्नायूंची थरथर सुरू होते. म्हणून थरथर हे उशिरा दिसणारे लक्षण आहे आणि म्हणूनच मी घाई करण्यास सांगत आहे.

आता खिडकीविषयी. साध्या काचेतून यूव्हीबी किरण जवळजवळ येतच नाहीत. तुमच्या पेटीवर पडणारे ऊन प्रकाश आणि उष्णता देते, पण ज्या कारणासाठी त्याला ऊन हवे ते त्यात नाही. उलट बंद काचेच्या पेटीवर थेट ऊन आले तर आतील तापमान अचानक इतके चढू शकते की प्राणी दगावतो. पेटी आजच खिडकीपासून दूर करा. त्याला सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेली लांब यूव्हीबी नळी हवी, आणि ती ऊन खाण्याच्या फांदीच्या वर, उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर, मध्ये काच किंवा प्लास्टिक न येऊ देता लावायला हवी. बारीक जाळीसुद्धा किरणांचा बराच भाग अडवते. ही नळी रोज सुमारे १२ तास चालू ठेवावी. तिचा दिसणारा उजेड वर्षानुवर्षे टिकतो, पण यूव्हीबी हळूहळू घटत जातो, त्यामुळे नळी प्रकारानुसार ६ ते १२ महिन्यांनी बदलावी लागते. बसवल्याची तारीख तिच्या टोकाशी लिहून ठेवणे उत्तम.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत उंच फांद्या काढून टाका आणि तळाशी जाड कापड अंथरा, कारण या अवस्थेत छोट्या उंचीवरून पडूनही हाड मोडते. उचलताना छातीखाली आणि मागच्या पायांखाली हात द्या; पकडून किंवा दाबून धरू नका. ड३ चे थेंब स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नका. त्याची मात्रा जास्त झाली तर कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचते, आणि ते नुकसान भरून येत नाही.

पानोपान

आहाराविषयी मी लिहिते. हिरवा इग्वाना पूर्ण शाकाहारी आहे, आणि त्यातही तो मुख्यतः पाने खाणारा आहे. अंडे लगेच बंद करावे. प्राणिज प्रथिनांचा भार वर्षानुवर्षे मूत्रपिंडांवर पडतो, आणि त्याचा परिणाम दिसू लागतो तोपर्यंत उपाय फारसे उरलेले नसतात. काकडी आणि लेट्यूस यांत विषारी काही नाही, पण पाण्यापलीकडेही फारसे काही नाही, आणि त्यांनी पोट भरले की कामाची पाने खायला जागा राहत नाही.

त्याच्या ताटलीत दहापैकी आठ-नऊ भाग पालाच असावा : मोहरीची पाने, सलगमचा पाला, डँडेलियन, जास्वंदीची पाने आणि फुले. उरलेल्या भागात किसलेला लाल भोपळा, फरसबी यांसारख्या भाज्या चालतात. फळ हे आठवड्यातून एकदा, चवीपुरतेच द्यावे; केळ्यात कॅल्शियमच्या मानाने फॉस्फरस फार असतो, आणि आपल्याला अन्नात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट हवे असते. पालक हिरवागार असला तरी त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, तेव्हा तो रोजचा नको. कोबीवर्गातील भाज्या रोज आणि भरपूर दिल्या तर थायरॉइडला त्रास होऊ शकतो, म्हणून पाने आलटून पालटून द्यावीत. अॅव्होकॅडो आणि रुबार्ब कधीच देऊ नयेत. पाल्यावर फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची पूड भुरभुरावी. किती आणि किती वेळा, हे त्याच्या आजच्या स्थितीत डॉक्टरांनीच ठरवावे.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे अन्न देण्याची वेळ. इग्वाना चावून बारीक करत नाही, तुकडा तोडून गिळतो, आणि ते अन्न त्याच्या मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीव आंबवून पचवतात. हे काम उबेशिवाय होत नाही. म्हणून दिवे लागून त्याचे अंग तापल्यावर सकाळीच खायला द्यावे, म्हणजे पचनासाठी पूर्ण दिवस मिळतो. संध्याकाळी दिलेले अन्न थंड अंगात तसेच पडून राहते. पाने चिरून, वरून पाणी शिंपडून द्यावीत, कारण वाडग्यातले पाणी तो फारसे पीत नाही आणि त्याच्या शरीरातील पाण्याचा बराचसा भाग पानांतूनच येतो. विष्ठेबरोबर येणारा पांढरा भाग मऊ असेल तर ठीक. तो पिवळसर आणि खडबडीत झाला तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

शांत निरीक्षक

शिंकण्याची काळजी करू नये. इग्वानाच्या नाकात जास्तीचे क्षार बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, आणि काचेवर वाळलेले पांढरे ठिपके म्हणजे तेच क्षार आहेत. नाकातून चिकट द्रव येत असेल, तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल किंवा तोंडाशी बुडबुडे दिसत असतील तर मात्र तो फुप्फुसांचा आजार असू शकतो.

डोळे मिटण्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावण्याचा मोह होतो. पुष्कळदा तो नको असलेल्या गोष्टीपासून स्वतःला बंद करून घेत असतो. बाकीचे शरीर पाहावे : पाय सैल आहेत, मान खाली टेकलेली आहे आणि श्वास संथ आहे, तर तो निश्चिंत आहे, अंग ताठ, रंग काळपट आणि बाजूला हात असलेला डोळाच तेवढा मिटलेला असेल तर हात काढून घ्यावा. गळ्याखालची लोंबती कातडी ताणून, अंग बाजूने चपटे करून तो आडवा उभा राहिला तर ती सरळ धमकी असते, आणि त्यानंतर शेपटीचा फटकारा येतो.

त्याच्या डोक्यावर मधोमध एक फिकट, गोल खवला दिसेल. तो त्याचा तिसरा डोळा. त्याने चित्र दिसत नाही, पण उजेड-सावलीतला बदल कळतो, आणि वरून येणारी सावली म्हणजे शिकारी पक्षी हे त्याच्या अंगात मुरलेले आहे. म्हणून वरून हात घालू नये. बाजूने, त्याला दिसेल असा, सावकाश न्यावा. शेपटी कधीही पकडू नये, ती तुटते. पुन्हा उगवते ती आखूड, गडद आणि हाडाऐवजी कूर्चेची असते.

हिरवी फांदी

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. त्याला डॉक्टरांकडे नेऊन आणले. एमबीडीच आहे. एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाची कड भोवतालच्या स्नायूंपासून वेगळी ओळखतासुद्धा येत नव्हती. बरगड्या तर पुसट रेघांसारख्या दिसत होत्या. हाड मोडलेले नाही, हा दिलासा. कॅल्शियमचे द्रव औषध सुरू झाले आहे, यूव्हीबी नळी लावली आहे आणि अंडे बंद केले आहे. डॉक्टरांच्या मते थरथर लवकर थांबेल, पण हाडे भरून यायला अनेक महिने लागतील.

आता पेटी बदलायची आहे, तर किती मोठी घ्यावी आणि तापमान किती ठेवावे? घरात तीन वर्षांची मुलगी आहे, तिच्या दृष्टीने काही धोका आहे का? आणि एका नातेवाइकांनी सुचवले आहे की एवढा व्याप करण्यापेक्षा त्याला एखाद्या मोठ्या बागेत सोडून द्यावे. मला हे पटत नाही, परंतु त्यांना काय उत्तर द्यावे हेही कळत नाही.

कोवळे ऊन

वेळेवर नेलेत, फार बरे झाले.

पेटी घेताना आजचा नव्हे, पूर्ण वाढलेला इग्वाना डोळ्यांसमोर आणा. शेपटीसह लांबी दीड मीटर, नराची त्याहूनही अधिक, वजन चार ते सहा किलो आणि आयुष्य नीट सांभाळल्यास १५ ते २० वर्षे. त्यासाठी सुमारे दोन मीटर उंच, दोन मीटर लांब आणि एक मीटर खोल असा लाकडी किंवा जाळीचा पिंजरा लागतो. बरेच जण शेवटी खोलीचा एक कोपराच बांधून देतात. तो झाडावर राहणारा प्राणी आहे, त्यामुळे उंची महत्त्वाची. मात्र हाडे सावरेपर्यंत फांद्या खालीच ठेवा आणि डॉक्टर सांगतील तशा वर न्या.

पिंजऱ्यात सगळीकडे एकसारखी ऊब नको. ऊन खाण्याच्या फांदीवर ३५ ते ३८ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २६-२७, आणि रात्री २४ च्या खाली जाऊ नये, म्हणजे तो स्वतःच हवी ती जागा निवडतो. रात्रीसाठी प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून, त्याचे अंग लागणार नाही असा बसवा. तापणारे कृत्रिम दगड घेऊ नका; पोट भाजत असतानाही इग्वाना त्यावरून उठत नाही. आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास हवी. हवा कोरडी असेल तर कात बोटांवर आणि शेपटीच्या टोकावर अडकून राहते, आवळत जाते आणि रक्त बंद होऊन ते टोक झडते. कात टाकण्याच्या दिवसांत एकेक बोट जवळून तपासावे.

शांत निरीक्षक

मुलीविषयी स्पष्ट लिहितो. पूर्ण निरोगी दिसणाऱ्या इग्वानाच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात, आणि पाच वर्षांखालील मुलांना, गरोदर स्त्रियांना व वृद्धांना त्यांचा संसर्ग गंभीर होतो. मुलीने त्याला हाताळू नये. त्याची भांडी स्वयंपाकघराच्या ओट्यावर धुऊ नयेत, तो घरभर मोकळा फिरू नये, आणि मोठ्यांनीही प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. नर वयात आला की विणीच्या हंगामात एरवी शांत असलेला प्राणीही चावू शकतो, आणि त्याचे दात करवतीसारखे असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्याजवळ तो कधीच नसावा. मादी निघाली तर नराशिवायही ती अंडी घालते, आणि खणायला मातीची पेटी मिळाली नाही तर अंडी पोटात अडकून जिवावर बेतते. नर की मादी, हे पुढच्या तपासणीत विचारून ठेवावे.

पानोपान

बागेत सोडण्याविषयी : आज त्याची हाडे अशी आहेत की बागेत सोडणे म्हणजे मारणेच होय. पण तो उद्या धडधाकट झाला तरीही उत्तर बदलत नाही. मध्य व दक्षिण अमेरिका आणि काही कॅरिबियन बेटे हे त्याचे घर आहे. त्याबाहेर थंडी पडली की तो गारठून निश्चल होतो; फ्लोरिडात कडाक्याच्या थंडीत झाडांवरून इग्वाना खाली पडतात ते त्यामुळेच. आणि जेथे हवा मानवते तेथे उलटे संकट उभे राहते. फ्लोरिडा, प्युर्तो रिको आणि तैवान येथे माणसांनी आणलेले, सुटलेले किंवा सोडून दिलेले इग्वाना इतके वाढले की ते स्थानिक वनस्पती फस्त करतात आणि बांध-बंधारे पोखरून बिळे करतात. फ्लोरिडाने २०२१ मध्ये त्यांना निषिद्ध प्रजातींच्या यादीत घातले. नातेवाइकांना एवढे सांगितले तरी पुरेसे आहे.

मुलगी लहान आहे, जागा मोठी लागणार आहे, आणि हा प्राणी तुम्ही स्वतः निवडलेला नव्हता. तेव्हा सांभाळणे झेपणार नाही असे वाटल्यास त्यात कमीपणा नाही. मात्र देणे अनुभवी पाळणाऱ्याकडे किंवा बचाव केंद्राकडेच व्हावे, आणि तेही उपचार पुरे झाल्यावर. हिरवा इग्वाना १९७७ पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि अनेक देशांत तो पाळण्यासाठी किंवा दुसऱ्याला देण्यासाठी नोंदणी लागते. त्यामुळे मैत्रिणीकडे त्याच्या खरेदीची किंवा नोंदणीची जी काही कागदपत्रे असतील ती आताच मागून घ्या. नवा सांभाळणारा कोणीही असो, त्याला ती कागदपत्रे, एक्स-रेची प्रत आणि नळी बसवल्याची तारीख या तीनही गोष्टी हातात द्याव्या लागतील.