एकाच नमुन्याची पीटी (प्रोथ्रॉम्बिन टाइम, गुठळी व्हायला लागणारा वेळ) दोनदा लावली, आकडे वेगळे का?

प्रश्न: गोंदिया जिल्हा, ग्रामीण रुग्णालयाची लॅब, ऑप्टिकल कोॲग्युलोमीटर (प्रकाशानं गुठळी ओळखणारं यंत्र). एकाच प्लाझ्माची (रक्तपेशी काढून उरलेला द्रव) पीटी आधी 14 सेकंद, लगेच 19. सिकलसेलचे रुग्ण भरपूर, घोणस चावलेलेही येतात. काय तपासू?

उत्तर: भाऊ, प्लाझ्मा तोच असेल तर दोष बहुतेक पिपेटचा किंवा तापमानाचा. 100 मायक्रोलिटर प्लाझ्मा 37 अंशांवर 3 मिनिटं तापवा, मग 37 वरच ठेवलेलं 200 मायक्रोलिटर रिएजंट (गुठळी सुरू करणारं द्रव) एका दमात सोडा. रिएजंट आधी हलकेच हलवून घ्या, तळाशी बसतं. फायब्रिनचे (गुठळीच्या प्रथिनाचे) धागे धरले की प्लाझ्मा गढूळतो, यंत्र तेवढंच बघतं. क्युव्हेटमधला (यंत्रातल्या पारदर्शक नळीतला) बुडबुडाही त्याला गुठळीच वाटतो.

ट्यूब कमी भरली तर मात्र दोन्ही आकडे सारखेच लांबतात. 0.3 मिली सायट्रेटला (ट्यूबमधलं रक्त गोठू न देणारं द्रव) 2.7 मिली रक्त हवंच.

दुसरं उत्तर: सिकलसेलचा प्लाझ्मा पिवळा, लालसर असतो, प्रकाश अडतो. तिथं पुन्हा रक्त काढूनही उपयोग नाही. 37 अंशांच्या पाण्यात ट्यूब तिरपी करत, स्टॉपवॉच लावून हातानं पीटी करा.

आणि घोणशीच्या पेशंटला यंत्रासाठी थांबवू नका हो! 2 मिली ताजं रक्त कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये 20 मिनिटं अजिबात न हलवता ठेवा, मग एकदाच आडवी करा. पातळ वाहिलं, म्हणजे विषानं रक्त गोठत नसलं, तर लगेच डॉक्टरांना सांगा. प्लास्टिकची किंवा साबणानं धुतलेली ट्यूब नको, त्यात चांगलं रक्तही गोठत नाही.

प्रश्नकर्ता: रिएजंट थेट फ्रिजमधूनच घेतलं जात होतं.